फ्रेंच साहित्य वाचायला घेताय? पॅरिस राहू दे, डाकारपासून सुरू करा

मित्रमंडळींत कुणीतरी फ्रेंचचा क्लास लावतं, ए वन होतं, ए टू होतं, आणि मग एक दिवस मेसेज येतो की आता जरा फ्रेंच लिटरेचर वाचावं म्हणतोय, कुठून सुरू करू? ग्रुपवर लगेच तीच यादी येऊन पडते, ह्यूगो, फ्लोबेर, प्रूस्त, सार्त्र. यादी चुकीची नाहीये हो, पण नवख्याला ती देणं म्हणजे पोहायला शिकवायचं म्हणून विहिरीत ढकलून देणं. काही जण तरतातही, पण बरेच जण काठावर येऊन अंग पुसतात आणि परत विहिरीकडे फिरकत नाहीत. मी प्रूस्तपासून सुरू केलं होतं. सात खंड आहेत, पहिल्याच्या सुरुवातीला निवेदक अंथरुणात पडल्या पडल्या झोप आणि जाग याबद्दल बोलतोय, बोलतोय, बोलतोयच. माझ्या त्या पुस्तकात पान ४१ वर अजून एसटीचं एक तिकीट खोचलेलं आहे, त्यावरची शाईसुद्धा उडून गेली.

तसं मराठी माणसाला फ्रेंच अगदीच परकं नसतं. अत्र्यांचं 'कवडीचुंबक' मोलियेरच्या नाटकावर बेतलेलं, साने गुरुजींचं 'दुःखी' ह्यूगोच्या 'ले मिझेराब्ल'वरून, आणि ज्यूल व्हर्न तर भा. रा. भागवतांनी आपल्याला लहानपणीच देऊन टाकला. म्हणजे फ्रान्स आपल्या घरी येऊन चहा पिऊन गेलाय. जे आलं नाही ते बाकीचं फ्रेंच. आज जगात फ्रेंच बोलणारे तीस कोटींच्या वर आहेत आणि त्यातले निम्म्याहून जास्त आफ्रिकेत राहतात. सेनेगल (डाकार ही त्याचीच राजधानी), कॅमेरून, काँगो, अल्जेरिया, हैती, मार्टिनिक, क्वेबेक, मॉरिशस, या सगळ्या ठिकाणी लोकांनी फ्रेंचमधे लिहून ठेवलंय, आणि माझा अनुभव असा की आपल्याला ते जास्त पटकन भिडतं. बोलायची भाषा एक आणि साहेबाची भाषा दुसरी, हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

म्हणून ही माझी वाट. फ्रेंच येत नसलं तरी चालेल, खालची बहुतेक पुस्तकं इंग्रजीत मिळतात. फ्रेंचचं काय करायचं ते शेवटी सांगतो.

पायरी १ : वही घ्या, नकाशा लावा, थोड्या तारखा लिहा

शाळेत इतिहासाला कंटाळलेल्यांनी घाबरू नका, सात-आठ तारखा पुरतात. पण त्या नसतील तर अर्धी पुस्तकं नुसती दुःखी माणसांच्या गोष्टी वाटतात, आणि ती माणसं दुःखी का आहेत तेच कळत नाही.

पहिली तारीख १७८९ ची, फ्रेंच राज्यक्रांतीची, नको. १८०४ लिहा. १ जानेवारी १८०४ ला हैती, कॅरिबियन समुद्रातली फ्रेंच वसाहत, स्वतंत्र झालं. उसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांनी १७९१ मधे बंड केलं, फ्रान्सनं १७९४ मधे गुलामी रद्द केली, नेपोलियननं १८०२ मधे ती परत आणायचा घाट घातला, फौज पाठवली, आणि ती फौज हरली. आता गंमत बघा, गंमत कसली म्हणा. १८२५ मधे फ्रान्सच्या राजानं लढाऊ जहाजं पाठवून हैतीला सांगितलं की आमचं नुकसान झालंय, १५ कोटी फ्रँक भरा, मगच तुम्हाला मान्यता. नुकसान म्हणजे काय, तर मळे गेले आणि त्यावरची माणसं, म्हणजे हेच लोक, 'मालमत्ता' म्हणून हातची गेली. स्वतःची किंमत स्वतःच मालकाला भरायची! पुढे रक्कम कमी करून ९ कोटींवर आणली, पण ती भरायला काढलेल्या कर्जाचं शेपूट १९४७ पर्यंत वळवळत होतं. ही एक गोष्ट डोक्यात असली की हैतीच्या कुठल्याही कादंबरीतली गरिबी वेगळी दिसायला लागते.

बाकीच्या पटापट. १८३०, फ्रान्स अल्जेरियात घुसलं. १८४८, फ्रेंच वसाहतींतली गुलामी कायमची संपली. १९४६, मार्टिनिक, ग्वाडलूप, गयाना आणि रेयुनियन फ्रान्सचे रीतसर जिल्हे झाले, ते आजही तसेच आहेत, तिथे युरो चालतो. १९६०, आफ्रिकेतल्या १४ फ्रेंच वसाहती एकाच वर्षात स्वतंत्र झाल्या. ५ जुलै १९६२, अल्जेरिया स्वतंत्र.

आणि एक तारीख मुद्दाम लाल पेनानं लिहा, १ नोव्हेंबर १९५४. त्या दिवशी अल्जेरियात ठिकठिकाणी हल्ले होऊन स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालं, आणि नेमक्या त्याच दिवशी पाँडिचेरीत फ्रेंचांनी कारभार भारताकडे सोपवला. एकीकडे सही करून निघाले, दुसरीकडे आठ वर्षं रक्त सांडलं. कागदोपत्री पाँडिचेरी पूर्ण आपलं झालं ते १६ ऑगस्ट १९६२ ला, म्हणजे अल्जेरिया सुटल्यावर सहाच आठवड्यांनी. मला हे कळलं तेव्हा मी वही बंद करून बराच वेळ नुसता बसून होतो, कारण पाँडिचेरी म्हणजे माझ्या डोक्यात पिवळ्या भिंती आणि क्रॉसाँ एवढंच होतं.

पायरी २ : पहिलं पुस्तक, मारियामा बा

नाव इंग्रजीत 'सो लाँग अ लेटर'. मूळ फ्रेंच १९७९ चं, लेखिका सेनेगलची, शंभरेक पानं, दोन रात्रीत संपतं. रामातुलाय नावाची शिक्षिका आहे, बारा मुलांची आई, नवरा वारलाय, इद्दतच्या, म्हणजे विधवेनं पाळायच्या, काळात ती घरात बसून आपल्या मैत्रिणीला, ऐसातूला, पत्र लिहितेय. नवऱ्यानं पाच वर्षांपूर्वी दुसरं लग्न केलेलं, कुणाशी, तर थोरल्या मुलीच्या वर्गमैत्रिणीशी. आणि बायकोला हे सांगायला स्वतः आला नाही. इमाम, नवऱ्याचा भाऊ आणि नवऱ्याचा मित्र असे तिघं नटूनथटून घरी येतात, आढेवेढे घेत बोलतात, आणि ती बिचारी आधी समजते की नवऱ्याला काहीतरी झालं, अपघातबिपघात. हा प्रसंग हळू वाचा. आपल्याकडे 'चार जाणती माणसं' घरी येऊन बसतात आणि पाणी पिऊन घसा खाकरतात, तेव्हा बाईच्या पोटात जे होतं ना, तेच.

नवरा वारल्यावर चाळिसाव्या दिवसाच्या सुमारास तोच दीर उभा राहून म्हणतो की आता मी तुझ्याशी लग्न करणार, जणू भावाची मोटारसायकल घेऊन जातोय. ती त्याला जे ऐकवते ते मी इथे सांगत नाही. शिवाय ती एकटी सिनेमाला जाते आणि लोक वळून वळून बघतात, ही एवढीशी गोष्ट आहे पण मला ती सगळ्यात जास्त लक्षात राहिली.

अजून एक जागा, जी युरोपातले वाचक घाईत ओलांडून जात असतील पण मराठी वाचक थांबतोच. ऐसातू सोनाराची मुलगी आहे. सेनेगलमधे सोनार, लोहार वगैरे कारागिरांच्या जाती आणि वरचे सरदार घराणेवाले यांच्यात लग्न होत नाहीत, आणि ऐसातूचा डॉक्टर नवरा सरदार घराण्यातला. सासूबाई काही भांडत नाहीत, आरडाओरडा नाही. त्या शांतपणे माहेरी जातात, भावाची एक लहान मुलगी घेऊन येतात, तिला वाढवतात, शिकवतात आणि योग्य वेळी मुलासमोर उभी करतात, की ही तुझी दुसरी बायको. इतका थंड डोक्यानं काढलेला सूड मी फार कमी वाचलाय. ऐसातू मात्र घटस्फोट घेऊन शिकते, दुभाषी होते, परदेशात वकिलातीत नोकरी धरते, आणि बसमधे धक्के खाणाऱ्या मैत्रिणीला चक्क नवीकोरी फियाट घेऊन देते. पत्रात ती फियाट आली की मला दर वेळी आनंद होतो.

मारियामा बा १९८१ मधे गेल्या, हे पुस्तक आल्यावर दोनच वर्षांनी. त्यामुळे त्यांचं पुढचं काय वाचू, हा प्रश्न फार पडत नाही.

पायरी ३ : हैतीचा दुष्काळ

ज्याक रूमँ, 'मास्टर्स ऑफ द ड्यू', मूळ १९४४. इंग्रजीत आणणाऱ्या दोघांतला एक लँग्स्टन ह्यूज आहे, म्हणून भाषांतर वाचायलाही छान. क्यूबात १५ वर्षं ऊस तोडून मान्वेल गावी परत येतो तर गाव वाळून गेलेलं, डोंगरावरची झाडं तोडून तोडून माती वाहून गेली, आणि वर भाऊबंदकीतून खून होऊन गावाचे दोन तट पडलेले, एकमेकांचं तोंड बघत नाहीत. तो पाणी शोधायला निघतो. पाणी सापडलं तरी ते खाली आणायला पाट खणायचा तर दोन्ही तटांचे हात लागणार, हा खरा पेच.

यात एक शब्द येतो, 'कुंबीत'. इंग्रजी भाषांतरकारांना तळटीप द्यावी लागते की शेजारचे शेतकरी ढोल वाजवत, गाणी म्हणत एकमेकांच्या शेतात मिळून काम करतात, मोबदल्यात जेवण. अहो, ही तर इर्जिक! आमच्या आजोबांच्या तोंडून ऐकलेला शब्द, जो मला वाटलं होतं की मेला, तो मला हैतीच्या कादंबरीत परत भेटला. तुमच्या भागात त्याला दुसरं काही म्हणत असतील. वहीत लिहून ठेवा. या वाचनात असे शब्द भेटत जातात आणि तीच खरी कमाई.

पायरी ४ : आता कामू घ्या, पण जोडीनं

आता तुम्ही तयार आहात. आधी एक सावधगिरीची सूचना, इंग्रजीत कामूची 'द आउटसायडर' आणि 'द स्ट्रेंजर' ही दोन वेगळी पुस्तकं नाहीयेत. एकच आहे. मी ऑनलाईन दोन्ही मागवली, वेगवेगळी समजून, आणि दुसरं उघडल्यावर तिसऱ्या ओळीला कळलं, तोवर परत करायची मुदत संपलेली.

कामू जन्मला अल्जेरियात, १९१३ मधे, बाप पहिल्या महायुद्धात गेला, आई घरकामं करायची, तिला वाचता येत नव्हतं. १९४२ च्या या कादंबरीचं पहिलं वाक्य जगभर गाजलेलं आहे आणि इंग्रजी भाषांतरकार त्यावर ऐंशी वर्षं भांडतायत, कारण मूळ शब्द 'मामाँ' आहे. 'मदर' केलं तर कोरडं होतं, 'मॉम' केलं तर लाडिक होतं, शेवटी एकानं कंटाळून 'मामाँ' तसाच ठेवला. मराठीत करून बघा, "आज आई गेली." झालं. लाडिक नाही, कोरडं नाही, 'आई' मधे दोन्ही मावतं. वर 'गेली' हे बोलण्यातलं क्रियापद, 'निधन झालं' नाही, 'वारली' पण नाही. कामूनंही ती कादंबरी पुस्तकी भूतकाळात न लिहिता बोलण्यातल्या भूतकाळात लिहिली, आणि तेव्हा तेच मोठं धाडस होतं. आपल्याला हे आयतं मिळतं.

तर मर्सो नावाचा माणूस समुद्रकिनाऱ्यावर एका अरबाला गोळी घालतो, एक, मग थांबून अजून चार. खटल्यात चर्चा कशाची, तर आईच्या अंत्यविधीला तो रडला नाही याची. सगळे लिहितात की केवढा मोठा अस्तित्ववाद, निरर्थकता वगैरे. असेल. पण कादंबरी संपल्यावर स्वतःला एक साधा प्रश्न विचारा, मेलेल्या माणसाचं नाव काय होतं?

नाव नाहीये. अख्ख्या पुस्तकात तो 'अरब' आहे, बास. आणि वर लिहिलेली १८३० ची तारीख आठवा, म्हणजे ११२ वर्षं फ्रेंच तिथे राहिले आणि मेलेल्याला नाव द्यायची गरज कुणाला वाटली नाही.

म्हणून लगेच, मधे दुसरं काही न वाचता, कामेल दाऊदचं 'द मर्सो इन्व्हेस्टिगेशन' घ्या. हे २०१३ मधे अल्जियर्समधे आलं. त्या अरबाचा धाकटा भाऊ हारून, आता म्हातारा झालेला, ओरानच्या बारमधे बसून बोलतोय. भावाचं नाव मूसा. आणि पहिलं वाक्य, "आज अम्मा अजून जिवंत आहे." कामूचं वाक्य ताजं असेल तरच ही चपराक नीट बसते, म्हणून म्हटलं जोडीनं. मात्र दाऊद फक्त फ्रेंचांनाच झोडतो असं समजू नका, स्वातंत्र्यानंतरच्या अल्जेरियालाही तो सोडत नाही, आणि हारूनच्या हातूनही पुढे काहीतरी घडतं. दोन्ही पुस्तकं मिळून अडीच-तीनशे पानं होतात, म्हणजे प्रूस्तच्या एका खंडाहूनही कमी.

अल्जेरियाचाच लेखक कातेब यासिन म्हणायचा की फ्रेंच भाषा ही आमची युद्धातली लूट आहे. सुरतेची लूट म्हणा हवं तर. साहेबाचं होतं, आता आमचं आहे, आम्ही ते कसं वापरू ते आमचं आम्ही बघू.

पायरी ५ : कोण कुणाला 'तू' म्हणतंय ते बघा

ही युक्ती मला कुणी सांगितली नव्हती, उशिरा कळली. फ्रेंचमधे 'त्यू' आणि 'वू' आहे, आपल्या तू-तुम्हीसारखं, आणि इंग्रजी भाषांतरात सगळ्यांचं 'यू' होऊन जातं, तिथेच अर्धा अपमान गळून पडतो. वसाहतीत गोरा साहेब स्थानिक माणसाला, मग तो डॉक्टर का असेना, सरळ 'त्यू' करायचा. मार्टिनिकच्या फ्रान्झ फॅनननं १९५२ च्या पुस्तकात यावर चिडून लिहिलंय, आणि तो स्वतः मनोविकारतज्ज्ञ होता, म्हणजे चीड कुठून येते ते त्याला नीट माहीत होतं.

हे पकडायला फेर्दिनाँ ओयोनोचं 'हाउसबॉय' घ्या, १९५६, कॅमेरून. तुंदी नावाचा पोरगा डायरी लिहितोय, आधी पाद्रीबाबाकडे कामाला, मग कमांडंटच्या बंगल्यावर. पाद्री गावात येऊन पोरांच्या अंगावर साखरेचे खडे फेकतो, कोंबड्यांना दाणे टाकावे तसे, आणि पोरं त्यासाठी मारामाऱ्या करतात. तुंदी त्या साखरेच्या मागे मागेच घर सोडतो. लहान पुस्तक आहे, पहिल्या अर्ध्यात हसू येतं आणि नंतर येत नाही. वाचताना प्रत्येक संवाद मनात मराठीत करा, "ए, इकडे ये" की "जरा इकडे येता का", आणि बघा काय होतं ते.

पायरी ६ : कविता मोठ्यानं

एमे सेझेर. मार्टिनिकचा. 'काये दँ रतूर ओ पेई नाताल', म्हणजे मायदेशी परतण्याची वही, १९३९. समजून घ्यायच्या मागे लागू नका, मोठ्यानं म्हणा, इंग्रजीत तर इंग्रजीत. 'पहाटेच्या टोकाला' असं काहीसं एक पालुपद परत परत येतं आणि प्रत्येक वेळी त्यापुढे बेटाचं एकेक गळू फुटत जातं. ढसाळ वाचलेल्या माणसाला ही भाषा ऐकून धक्का बसणार नाही, उलट घरचं वाटेल. सेझेर, सेनेगलचा सेंगोर आणि गयानाचा दामास हे तिघं १९३० च्या दशकात पॅरिसमधे शिकत होते आणि तिथेच 'नेग्रित्यूद' हा शब्द जन्मला, 'नेग्र' या ज्या शब्दानं काळ्या माणसांना हिणवायचे तोच उचलून झेंड्यावर लावला. सेंगोर पुढे सेनेगलचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. सेझेर १९४५ ते २००१ अशी ५६ वर्षं मार्टिनिकची राजधानी फोर-द-फ्राँसचा महापौर होता, आणि मार्टिनिकला फ्रान्सचा जिल्हा करण्यात त्याचाच पुढाकार! वसाहतवादावर इतकं जहाल लिहिणारा माणूस हे का करतो, यावर तिथले लोक अजून भांडतात. मला विचाराल तर त्याला रस्ते, दवाखाने आणि समान पगार हवे होते, पण हे माझं मत.

पायरी ७ : जड झालं असेल तर

कॉमिक्स घ्या, लाजू नका. 'आया', मार्गरीत आबुएचं लेखन, आयव्हरी कोस्टमधल्या आबिजानचं योपुगाँ नावाचं उपनगर, १९७० च्या दशकाचा शेवट, कॉलेजच्या पोरी, त्यांचे बाप, त्यांची लफडी. युद्ध नाही, दुष्काळ नाही, नुसती गल्ली. आफ्रिका म्हटलं की फक्त रडणंच असणार ही समजूत धुऊन निघते.

नाटकवाल्यांसाठी कॅनडातल्या क्वेबेकचा मिशेल त्राँब्ले, 'ले बेल-सर', १९६८. माँट्रियलच्या कामगार वस्तीत एका बाईला दहा लाख स्टँप बक्षीस लागतात, पुस्तिकेत चिकटवून दिले की वस्तू मिळतात तसले, ते चिकटवायला ती बहिणी, नणंदा, शेजारणी बोलावते. रंगमंचावर एकूण १५ बायका, एकही पुरुष नाही, आणि चिकटवता चिकटवता एकेक जण स्टँप पर्समधे ढापतेय. भाषा शुद्ध फ्रेंच नाही तर 'जुआल', माँट्रियलची गावठी बोली, आणि त्यावरून तेव्हा मोठं वादळ उठलं की हे काय थिएटरात बोलायचं असतं का. स्कॉटलंडवाल्यांनी ते त्यांच्या स्कॉट्स बोलीत नेलं. हे नाटक मालवणीत व्हायला हवं, गिरगावातल्या चाळीत, असं मला फार वाटतं.

आणि हसायचं असेल तर आलँ माबांकू, 'ब्रोकन ग्लास', २००५. काँगोतला एक बार, बारचं नावच मुळी उधारीवर टोमणा मारणारं, आपल्याकडच्या 'आज रोख उद्या उधार' पाटीच्या जातकुळीतलं. मालक एका दारुड्या माजी मास्तराला वही देतो की इथल्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी लिही, आणि मास्तर लिहितो, अख्ख्या पुस्तकात एकही पूर्णविराम नाही, नुसते स्वल्पविराम, पिणाऱ्याचं बोलणं असतंच तसं, थांबतच नाही.

दुकानात शोधताना एक भानगड कळेल. नाटककार सॅम्युएल बेकेट आयरिश, पण तो 'फ्रेंच साहित्य' या फळीवर. माबांकू मात्र 'फ्रँकोफोन', म्हणजे फ्रेंचभाषक, या फळीवर, वेगळ्या कोपऱ्यात. याच गोष्टीवर वैतागून २००७ मधे ४४ लेखकांनी 'ल माँद' या फ्रेंच दैनिकात जाहीरनामा छापला की आम्हाला हा शब्दच नको, फ्रेंचमधलं जागतिक साहित्य म्हणा. शब्द काही गेला नाही, मी पण वापरतो, पण वापरताना जरा अडखळतो.

पायरी ८ : मॉरिशस, कारण तिथे आपले लोक आहेत

१८१० पर्यंत फ्रेंचांकडे, मग इंग्रजांकडे, पण फ्रेंच आणि क्रेओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली तिथली बोली, काही हटली नाही. १८३४ पासून भारतातून मळ्यांवर करारी मजूर नेले, त्यात मुंबई बंदरातून गेलेले कोकणातलेही होते. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणून ओळखले जातात आणि गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते. राजधानी पोर्ट लुईच्या ज्या घाटावर हे लोक उतरले तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे. या सगळ्यावर नाताशा आपाना यांची २००३ ची 'ले रोशे द पूद्र दोर' ही कादंबरी आहे. नावाचा अर्थ सोन्याच्या भुकटीचे खडक. दगड उलटा केला की खाली सोनं, असं सांगून माणसं बोटीत चढवली. आजच्या मॉरिशससाठी आनंदा देवी वाचा, 'ईव्ह आउट ऑफ हर रुइन्स', पोर्ट लुईच्या एका गरीब वस्तीतली चार पोरं. पर्यटन खात्याच्या जाहिरातीतला निळा समुद्र त्यात नाही.

शेवटची पायरी : फ्रेंच किती शिकू

जेवढी जमेल तेवढी, पण थोडी तरी शिकाच. आरएफआय या फ्रेंच रेडिओचं 'जुर्नाल आँ फ्राँसे फासिल' रोज दहा मिनिटं ऐका, सोप्या फ्रेंचमधल्या बातम्या असतात, फुकट आहे, आणि त्यात आफ्रिकेच्या बातम्या भरपूर म्हणून आपली पुस्तकं आणि त्या बातम्या एकमेकींना जोडल्या जातात. टीव्ही५मोंद या फ्रेंच वाहिनीचे शिकायचे व्हिडिओ पण फुकट. आकड्यांना घाबरतात लोक, ९२ ला फ्रेंचमधे 'चार-वीस-बारा' म्हणतात म्हणून मीम फिरतात, पण आपल्या बाजारातल्या म्हाताऱ्या बायका चार विसा आणि वर बारा असंच मोजायच्या की. लिंगं तिथे दोनच आहेत, आपण तीन सांभाळतो.

आणि पन्नास-साठ तास झाले, डिक्शनरी हाताशी असली, की आमादू कुरूमाच्या 'ले सोलेय दे झँदेपाँदाँस'चं पहिलं पान उघडा. आयव्हरी कोस्टचा लेखक, त्याची फ्रेंच पॅरिसच्या प्रकाशकांना बिघडलेली वाटली, त्यांनी नाकारलं, शेवटी १९६८ मधे माँट्रियलला छापून आलं, मग १९७० मधे पॅरिसनं घेतलं. बिघडलेली म्हणजे काय, तर त्यानं आपली मलिंके भाषा फ्रेंचच्या आत घातली होती. पहिल्याच वाक्यात राजधानीत कोने इब्राहिमा नावाचा माणूस मेलाय, पण लेखक 'मेला' म्हणत नाही, फ्रेंच कानाला विचित्र वाटेल असं क्रियापद वापरतो, 'फिनी', आणि पुढे सांगतो, किंवा मलिंकेत सांगायचं तर, त्याला एक छोटंसं पडसं पेललं नाही. इंग्रजीत हे करायला फार खटाटोप लागतो.

आता वही काढा आणि इंग्रजीकडे न बघता ते वाक्य मराठीत लिहा. मी असं लिहिलं, "कोने इब्राहिमा राजधानीत संपला त्याला आठवडा झाला, म्हणजे आमच्याकडे म्हणतात तसं, साधं पडसं आलेलं, तेही त्याला झेपलं नाही." तुमचं वेगळं होईल, त्याच पानावर खाली लिहा, तारीख टाका.